सोमाजीच्या डाव्या हाताची जागा

सोमाजीच्या डाव्या हाताला जागा एकच होती, आणि बायका दोन. सोमाजी जिवंत होता तोवर हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण जिवंत माणसाला कूस बदलता येते. पण चौऱ्याहत्तर सालच्या पौषात तो छातीत कफ होऊन गेला, आसगावच्या तलावाच्या पाळीखाली त्याला माती दिली गेली, आणि तिसऱ्या दिवशी दूध-पाणी घेऊन तिथं गेलेल्या गिरजाबाईच्या आणि मालनबाईच्या एकाच वेळी लक्षात आलं की आपल्यातली एकच इथं मावणार आहे. दोघींनी रडता रडता डोळ्याच्या कोपऱ्यातून ती जागा मोजली आणि मग एकमेकींकडं पाहिलं.

त्यांच्या भावकीत माणसाला जाळत नसत, माती देत. बायको नवऱ्याच्या डाव्या हाताला, अशी रीत. सोमाजीच्या उजव्या हाताला त्याची आई आनंदाबाई आधीच येऊन पडली होती; बापाची माती परगावी झाली होती, म्हणून तिच्या पलीकडची जागा रिकामीच होती. डोक्याशी तलावाची पाळ, पायाशी पाण्याचा पाट. डावीकडं एका माणसाची जागा आणि तिला लागून मोहाचं जुनं झाड. मोहापाशी पाळ संपे, पलीकडं नुसतं गवत होतं आणि पुढं तलाव. तिकडं आजवर कुणालाच माती दिली नव्हती, म्हणून ती जागा कुणाच्या डोक्यातच आली नाही.

मग ही जागा कुणाची? थोरली म्हणून माझी, असं गिरजाबाई म्हणे. मुलाची आई म्हणून माझी, असं मालनबाई म्हणे. शेवटी भावकीतले सगळ्यात म्हातारे दादाजी यांना विचारलं. दादाजींनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि निवाडा दिला, "जे पहिले जाईन, तिची." आपण मोठं भांडण मिटवलं अशा समाधानात ते घरी जाऊन जेवले.

त्यानंतर सात वर्षं त्या घरात एक अजब कारभार चालला. दोघींपैकी एकीनंही दुसरीला मरू दिलं नाही. मालन बारीक, काडीसारखी, तिला धानाच्या रोवण्याच्या दिवसांत हमखास हिवताप यायचा. तो आला की गिरजाबाई कंबर कसून उठायची. कडू काढा करून तिचं नाक दाबून पाजायची, रात्रंदिवस उशाशी बसायची, आणि एकदा तर भर पावसात बंडी जुंपायला लावून तिला पवनीच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, सख्खी बहीण करणार नाही इतकं तुम्ही केलं. गिरजाबाई म्हणाली, "थे आधी गेली तर मी कुठं जाऊ?" डॉक्टरांना त्यातलं प्रेम कळलं, जागेची भानगड कळली नाही.

मालनही काही कमी नव्हती. गिरजाबाईला गुडाखू, म्हणजे तंबाखूची ओली मशेरी, दातांना घासायचं व्यसन होतं आणि त्यानं खोकला यायचा. तिनं खोकलायला सुरुवात केली की मालन कान टवकारायची. गुडाखूची डबी महिन्यातून दोनदा हरवायची आणि ती कुठं जाते ते घरात कुणालाच ठाऊक नसायचं. सून विजयमाला बिचारी गरीब स्वभावाची. आपल्या दोन्ही सासवा एकमेकींना इतकं जपतात हे ती माहेरी कौतुकानं सांगायची.

भांडण व्हायचं ते अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. अखाजीला घरोघर पितरांची घागर भरतात. यांच्या भावकीत त्या सकाळी मसनवटीत जाऊन आपापल्या माणसांच्या मातीवर बांधलेल्या ओट्यांना रंगरंगोटी करायची, पानाफुलांनी सजवायचं आणि आवडीचा पदार्थ ठेवून यायचं, अशी चाल होती. बाकीच्या घरचे लोक तासाभरात आटपून यायचे. सोमाजीच्या ओट्यावर मात्र दोन बायका चढाओढीनं तुटून पडत. गिरजाबाईनं छुईच्या पांढऱ्या मातीनं ओटा शुभ्र सारवला, की मालन गेरूची किनार काढी. गिरजाबाईनं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, की मालन पवनीच्या बाजारातून पतंगी कागद आणून झिरमिळ्या लावी. एकीनं तंबाखूची चंची ठेवली, की दुसरी विड्यांचं बंडल ठेवी. एका वर्षी तर मालननं आरशाचा तुकडा लावला. का, तर सोमाजीला भांग पाडायला आरसा लागायचा. मसनवटीत आरसा पाहून शेजारच्या गावचे लोक बघायला आले होते. जन्मात कधी नीट धोतर न नेसलेला सोमाजी मेल्यावर दर साली नवरदेवासारखा नटून बसायचा.

आणि हे सगळं करताना दोघींचं अर्धं लक्ष डावीकडं. शहात्तर साली गिरजाबाईनं त्या जागेत चाफ्याची फांदी लावली. जागेवर झाड आपलं म्हणजे जागा आपली, असा तिचा सरळ हिशेब. फांदीला पालवी फुटली, दोन फुलंही आली, आणि एके दिवशी मालनच्या बकरीनं ती बुडापासून खाऊन टाकली. बकरीच्या तोंडाला कुणी काय म्हणणार. पुढच्या वर्षी मालननं तिथं झेंडू पेरला. तो असा काही फुलला की विचारू नका, आणि गिरजाबाईनं दसऱ्याला एकूण एक फूल तोडून सोमाजीच्याच ओट्याला घातलं. नवऱ्याला फुलं वाहिली म्हणून बायकोशी कोण भांडणार? मालन आठ दिवस धुसफुसत राहिली.

एक्क्याऐंशी सालच्या अखाजीच्या आधी खेमराजनं एक चांगलं काम केलं आणि त्यानं सगळा घोळ झाला. खेमराज हा मालनच्या पोटचा आणि गिरजाबाईच्या मांडीवर वाढलेला. एकीला माय म्हणायचा, दुसरीला मोठीमाय, आणि दोघी भांडायला लागल्या की शेतावर निघून जायचा. त्या वर्षी धान चांगलं झालं होतं, म्हणून त्यानं बापाचा मातीचा ओटा काढून सिमेंटचा बांधायचं ठरवलं. मिस्त्री मोठ्या मनाचा होता. इतक्या मोठ्या माणसाचा ओटा आणि अरुंद कशाला, म्हणून त्यानं तो दोन्ही अंगांनी वीतभर वाढवला. उजवीकडं तो आनंदाबाईच्या ओट्याला जाऊन टेकला. डावीकडं ती जागा तेवढीच कमी झाली.

अखाजीच्या आदल्या दिवशी दोघी नवा ओटा पाहायला गेल्या. मालननं डावीकडची उरलेली जागा पाहिली, गिरजाबाईच्या ऐसपैस देहाकडं पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "बाई, आता ही जागा माह्याच मापाची राहिली."

 हे वाक्य गिरजाबाईला रात्रभर टोचत राहिलं. मावत नाही म्हणजे काय? सात वर्षं जिच्यासाठी काढे उकळले, ती जागा एका मिस्त्रीच्या थापीनं जावी? दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी उठली. मालननं दिलेला चहा उभ्या उभ्याच प्यायली आणि छुईची बादली, कुंचा, मोगऱ्याची टोपली घेऊन एकटीच निघाली. घागर भरून आम्ही मागून येतो, असं मालन म्हणाली. गिरजाबाईला तेच हवं होतं.

मसनवटीत अजून कुणी आलं नव्हतं. तिनं आधी ओटा रंगवून घेतला. कुंचा जोरात चालवायची तिची सवय, त्यामुळं जेवढी छुई ओट्याला लागली तेवढीच तिच्या तोंडाला आणि हातांना लागली. मग मोगऱ्याचे गजरे ओट्यावर मांडले, आणि इकडंतिकडं पाहून, लुगडं सावरून, ती त्या जागेत आडवी झाली.

मावली. थोडं अंग चोरावं लागलं, डावा खांदा मोहाच्या मुळाला टेकला, उजवा नव्या सिमेंटला, पण मावली. गिरजाबाईला इतका आनंद झाला की तिनं उरलेला मोगरा स्वतःच्या छातीवर ओतून घेतला, सजल्यावर कसं दिसेल ते पाहायला. हात पोटावर ठेवले. डोळे मिटून पाहिले. जागा छान गार होती. मोहाची नवी तांबूस पालवी वर हलत होती, पाटाचं पाणी वाहत होतं. तिचा डावा कान दहा वर्षांपासून बहिरा होता. उजव्या कुशीला जरा वळल्याबरोबर चांगला कान मातीत दबला आणि जगातले सगळे आवाज बंद झाले. पहाटेपासून जागी असलेली ती बाई जागच्या जागी झोपली.

दादाजी आपल्या म्हातारीच्या ओट्याला छुई लावायला आले तेव्हा त्यांनी काय पाहिलं? सोमाजीच्या डाव्या हाताला गिरजाबाई निजलेली, तोंड पांढरंफटक, हात पोटावर, अंगावर मोगरा. त्यांनी तिला दोनदा हाक मारली. ती बहिऱ्या कानावर पडली. दादाजी दोन पावलं मागं सरकले, पण माणूस रीतीचा पक्का. भावकीत जो पहिल्यांदा पाहील त्यानं मूठभर माती पायाशी ठेवायची असते. त्यांनी माती उचलली, गिरजाबाईच्या पायांवर ठेवली, हात जोडले आणि गावाकडं पळत सुटले. पाट ओलांडताना त्यांची एक चप्पल चिखलात रुतली, दुसरी पाण्यात गेली, तरी ते थांबले नाहीत.

गिरजाबाईला जाग आली ती छातीवर धपकन काहीतरी आदळल्यामुळं. ते मालनचं डोकं होतं, आणि त्या धक्क्यानं ती उताणी होऊन तिचा चांगला कान मोकळा झाला. भोवती पायांचा नुसता बाजार भरला होता. बाया हुंदके देत होत्या, बाप्ये कुजबुजत होते, आणि खेमराज लहान पोरासारखा "मोठीमाय, मोठीमाय" करत होता. काय झालं ते गिरजाबाईच्या लगेच ध्यानात आलं, आणि तिची पाचावर धारण बसली. आता उठावं तर अख्ख्या गावासमोर काय सांगावं? जागा मोजत होते म्हणून? ती डोळे मिटून तशीच पडून राहिली. सगळे जरा बाजूला झाले की हळूच उठू, असं तिनं ठरवलं, जणू मेलेल्या माणसापासून लोक बाजूला होतात आणि मग विसरून जातात.

इतक्यात मालन सूर लावून रडायला लागली. मालन बपेऱ्याची, तिकडं मध्यप्रदेशाच्या सीमेवरची. तिकडच्या बायका रडतात ते सांगत सांगत रडतात, आणि त्यात मनातलं काही शिल्लक ठेवत नाहीत.

"बाई वं बाई, कशा निजल्या वं. मले सांगतलं नाई, पुसलं नाई. जागा पाहिजे होती तर मांगाची होती वं बाई, मी देली असती. जीव कायले देला वं."

मांगाची कशाला, सात वर्षं मागतेच आहे की, असं गिरजाबाईच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

"काल मी खोटी बोलली वं बाई. तुमी मावत होत्या. मी चिडवाले बोलली. अन् तो चाफा, तो बकरीनं आपल्या मनानं नाई खाल्ला वं. मीच बकरी घेऊन आली होती. मीच तिले इथं बांधली."

जमलेल्या बायांचे हुंदके एकदम थांबले. मागं कुणीतरी नाकातल्या नाकात हसलं. गिरजाबाईच्या नाकपुड्या फुलल्या, पण मालनचं डोकं अजून तिच्या छातीवर असल्यामुळं ते कुणाला दिसलं नाही.

"तुमच्या गुडाखूच्या डब्या मीच फेकल्या वं बाई. याच पाटात फेकल्या. वाटे का तुमी खोकलून खोकलून जासान. तरी गेल्याच ना वं. आता मी भांडू कोणासंगं? सून तर उलटून बोलतच नाई. दिवसभर मी काय करू वं बाई, कोणावर खेकसू?"

इथं मालनचा सूर तुटला. पुढचं तिला गाता येईना. ती नुसतीच रडायला लागली, साधं, बिनसुराचं, एखाद्या पोरीसारखं. ते ऐकून गिरजाबाईच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंडावरच्या छुईतून ओघळ काढत कानात गेलं. आता पडून राहणं शक्य नव्हतं. ती उठून बसली.

"बकरीचं मले माहीत होतं," ती म्हणाली. "पण डब्या तूच फेकल्या का वं?"

पुढच्या क्षणी मसनवटीत मेलेले तेवढे राहिले. बाप्ये पाळीवर चढले, बाया पाटातून पलीकडं गेल्या, कुणाची भरलेली घागर कुणाच्या डोक्यावर फुटली. दादाजी अनवाणीच पाटात बसले आणि देवाचं नाव घ्यायला लागले. खेमराज तेवढा जागचा हलला नाही, पण तो धाडसामुळं नाही, त्याचे पायच उचलेनात.

मालनही हलली नाही. तिनं गिरजाबाईच्या तोंडाकडं पाहिलं, मग तिच्या खांद्यावर एक बुक्का मारला, मग तिला मिठी मारली, मग पुन्हा एक बुक्का मारला. "कायले निजल्या वं इथं?" ती ओरडली. गिरजाबाई म्हणाली, "तूच म्हणे ना का मावत नाई म्हणून." मालनला आधी हसू आलं की हुंदका, हे सांगता येणार नाही. दोघी हसत होत्या आणि रडत होत्या, आणि गिरजाबाईला तर मध्येच खोकलाही आला.

लोक हळूहळू परतले. कुणी छुईवरून, कुणी बकरीवरून हसायला लागलं, आणि एकदा हसू सुटल्यावर मग कुणाला आवरेना. पोट धरधरून लोक दुसऱ्यांच्या ओट्यांवर बसले. एक मालनचा सूर धरून "बाई वं बाई" म्हणे आणि बाकीचे पुन्हा फुटत. अशी अखाजी त्या मसनवटीनं कधी पाहिली नव्हती.

दादाजींना मात्र आपली अब्रू सांभाळायची होती. ते ओल्या धोतरानं वर आले, घसा साफ केला आणि म्हणाले, "हसू नोका. गोष्ट रीतीची हाय. गिरजा या जागेत निजली. मी माती टाकली. भावकीनं पाहिलं. पडलेली माती उचलता येत नाई. जागा गिरजाची झाली." कुणी विरोध केला नाही. दादाजी इतके भिजलेले असताना विरोध करणं बरं दिसलं नसतं.

म्हणजे गिरजाबाई जिंकली. सात वर्षांनी, आणि तेही न मरता. घरी येताना तिची चाल बदलली होती. वाटेत भेटेल त्याला ती थांबून सांगत होती, जागा माझी झाली, दादाजींनी सांगितलं. पदराच्या टोकाशी मोगरा अजून चिकटलेला होता. पहिल्या मुलाचं लग्न ठरलेल्या बाईसारखी ती गावातून मिरवत आली.

घरी घागर पुजली गेली. पितरांच्या पत्रावळी वाढल्या, मग घरच्यांच्या. शेवया, वडे, कुरड्या, आंब्याचं पन्हं. मालन वाढत होती. भांडत नव्हती, धुसफुसत नव्हती, मुकाट वाढत होती. गिरजाबाईला ते काही बरं वाटेना. जिंकलेल्या माणसाला समोर कुणीतरी जळणारं लागतं.

"मंग आता तू कुठं जाशीन वं?" तिनं विचारलं.

"मी?" मालन पन्हं ओतता ओतता म्हणाली. "सासूबाईच्या उजव्या अंगाले हाय ना जागा. तिथं जाईन. मले सवय हाय त्यायची."

ती सहज बोलून गेली आणि वडे आणायला आत वळली. गिरजाबाईचा हात पत्रावळीवर तसाच राहिला.

सासूबाई. आनंदाबाई. लग्नाला आठ वर्षं झाली, पोर नाही, म्हणून आनंदाबाईनं गिरजाबाईला सणावारी देवघराच्या उंबऱ्यापर्यंतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. मग पंधरा वर्षांची मालन आणली. वर्षभरात खेमराज झाला. बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, आनंदाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसलेली आणि गिरजाबाई गोठ्याच्या दाराशी उभी. तेवढ्यात मालन उठली. तिनं सासूच्या मांडीवरून पोर उचललं, सगळ्यांच्या देखत अंगण ओलांडून आली आणि ते गिरजाबाईच्या हातात दिलं. "बाई, तुमीच सांभाळा. मले तर लेकरू धरताच येत नाई," ती म्हणाली. खोटं होतं. बपेऱ्याला चार भावंडं तिनं कडेवर वाढवली होती. त्यापायी आनंदाबाईनं त्या बाळंतिणीला महिनाभर शिळी पेज घातली, आणि त्या महिन्याबद्दल मालन पुढं कधी एक अक्षर बोलली नाही.

सात वर्षं त्या जागेसाठी भांडताना गिरजाबाईला हे एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.  ती पोर आनंदाबाईच्या शेजारी कायमची पडणार, आणि आपण सिमेंटच्या ओट्याला खांदा लावून मिरवणार. कुणाच्या शेजारी मिरवणार? ज्यानं एकीला उंबऱ्याबाहेर उभी आणि दुसरीला शिळी पेज खाताना पाहिलं आणि आईसमोर कधी ब्र काढला नाही, त्याच्या.

जेवणं झाल्यावर घर सुस्तावलं. गिरजाबाईनं कोनाड्यातून कोहळ्याच्या बिया काढल्या, खुरपं घेतलं आणि मालनला म्हणाली, "चाल."

"कुठं? पुन्हा मराले?"

"चाल तं खरी."

अखाजीला लावलेला वेल भरभरून येतो असं सगळे शेतकरी मानतात. मसनवटीत आता कुणी नव्हतं. सोमाजीचा ओटा उन्हात झगमगत होता. गिरजाबाई सरळ त्या डाव्या हाताच्या जागेत बसली, खुरप्यानं माती उकरली आणि ओळीनं बिया टोचायला लागली. मालन बघत राहिली.

"बाई, हे काय करून राहिल्या? थे जागा तुमची हाय ना."

"माही हाय म्हणूनच त लावून राहिली. माह्या जागेत मी कोहळं लावीन, नाई तं कांदे लावीन." तिनं शेवटची बी टोचली आणि मातीचा हात लुगड्याला पुसला. "कोहळं चांगलं मोठं झालं का घरी आणू. तुले आवडते."

मग ती उठली आणि मोहाला वळसा घालून पलीकडं गेली, जिथं आजवर कुणी गेलं नव्हतं. गवत होतं, सावली होती आणि समोर सगळा तलाव. तलावात बगळे होते. सोमाजीचा ओटा इथून दिसतसुद्धा नव्हता, मध्ये मोह होता. गिरजाबाईनं खुरप्याच्या टोकानं गवतात एक रेघ ओढली. "इकडं मी, तिकडं तू," ती म्हणाली.

मालननं रेघेकडं पाहिलं, तलावाकडं पाहिलं, मग मागं मोहाकडं पाहिलं. "अन् थे?" तिनं हळू विचारलं. नवऱ्याचं नाव ती अजून घेत नसे.

"थे आपल्या मायपाशी हायेत. जन्मभर तिचंच आयकलं. आता निवांत आयकू दे."

मालननं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले. गिरजाबाईला वाटलं रडते आहे, आणि पाहते तर ती हसत होती. इतकी हसत होती की तिला बसावं लागलं. मग गिरजाबाईही बसली, आणि बसल्या बसल्या दोघी रेघेच्या दोन बाजूंना आडव्या झाल्या. मापं तर घ्यायला हवीच होती. ऐसपैस जागा होती. हात पसरता येत होते. वर आभाळ होतं आणि गिरजाबाईचा चांगला कान या वेळी मालनच्या बाजूला होता, तिनं तो मुद्दाम त्या बाजूला ठेवला होता. आपल्याला इतकं हलकं कधी वाटलं होतं ते तिला आठवेना.

"बाई," थोड्या वेळानं मालन म्हणाली, "तुमचा कोपर माह्या जागेत येऊन राहिला."

"तुह्या जागेत? रेघ कोणी ओढली?"

"रेघ तुमी वाकडी ओढली. पायाकडं पाहा ना, चार बोटं माह्याकडं सरकली."

"चार बोटं? दोन बी नसन."

दादाजी आपल्या चपला शोधायला आले होते. एक त्यांना चिखलात सापडली होती, दुसरीच्या मागं ते पाटाच्या काठानं चालत मोहापर्यंत आले आणि तिथं त्यांना गवतात दोन बायका शेजारी शेजारी निजलेल्या दिसल्या. त्यांच्या हातातली चप्पल गळून पडली. सवयीनं ते खाली वाकले आणि त्यांनी मूठभर माती उचलली.

गिरजाबाईनं मान वळवली. "दादाजी, माती नोका टाकू," ती म्हणाली. "आमचं अजून मोजून नाई झालं."